कुंपणाच्या आत

“बाळाचा बाप्तिस्मा झाला होता का?” फादरांनी दारातच विचारलं.

बाळाच्या बापानं, सुतारानं, मान खाली घातली. छोटी पेटी बाकावर त्याच्याशेजारीच होती. आयुष्यभर लोकांची कपाटं करणाऱ्या माणसाला आज तिच्यात एक खिळा धड मारता आला नव्हता.

“मग दफनभूमीच्या कुंपणाच्या आत पुरता येणार नाही,” फादर म्हणाले. “बाहेर, भिंतीला लागून जागा आहे.”

ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. तिथली माती उथळ होती आणि कुत्री मोकाट. फादर काही दुष्ट नव्हते. नियमापलीकडचं त्यांना दिसतच नसे, आणि असली माणसं दुष्टांपेक्षा जास्त नुकसान करून जातात.

सुईण मोरीपाशी हात पुसत उभी होती. ती बाळंतिणीची मावशी. बहीण गेल्यावर भाचीला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. अर्धी गल्ली तिच्या हातून जगात आलेली, त्यामुळे ती कुणालाही तोंडावर सुनवायची आणि लोक ऐकून घ्यायचे. पहाटे हे मूल आलं ते निळं, गार. तिनं त्याला उलटं धरलं, हात गळून जाईपर्यंत पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. श्वास आलाच नाही. “मेलेलंच आलं गं,” असं भाचीला सांगून तिनं ते कापडात गुंडाळलं आणि पडद्याबाहेर नेलं. पोरीला बघूही दिलं नाही. चेहरा बघितला नाही तर विसरायला सोपं जातं, असा तिचा अनुभव.

आता तिच्या डोळ्यांपुढे ती कुत्री आली.

“झालाय बाप्तिस्मा,” ती म्हणाली. “मी दिला.”

फादर वळले. जीव जात असेल तर कुणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, हे त्यांनीच सुइणींना शिकवलं होतं. मेलेल्याला मात्र बाप्तिस्मा नसतो.

“पाणी घातलंत तेव्हा जिवंत होतं?”

“होतं.”

“देवासमोर सांगता?”

“देवासमोर सांगते.” नरकात जायचं तर जाऊ, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

फादरांचा चेहरा निवळला. “मग आत. त्याच्या आजीशेजारीच,” ते म्हणाले. सुतारानं सुइणीचे दोन्ही हात घट्ट धरले, मग पेटी उचलली आणि तो त्यांच्यामागून अंगणात गेला. सुइणीला एकदम हलकं वाटलं. पोरीला ही बातमी कधी सांगते असं तिला झालं. तिनं पडदा सारला.

पोरगी उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मावशी, ते जिवंत होतं?”

खिडकीबाहेर फादर पेटीवर हात ठेवून प्रार्थना म्हणत होते. खोलीतला शब्द न् शब्द त्यांना ऐकू गेला असता.

“होतं,” मावशी म्हणाली. “थोडा वेळ.”

पोरीनं तिच्याकडे पाहिलं. असं तिनं आजवर कधी कुणा शत्रूकडेही पाहिलं नव्हतं.

“मी इथेच होते, हातभर अंतरावर,” ती म्हणाली. “मग ते माझ्या कुशीत का नाही मेलं?”