दह्यातली अर्धी गोळी

"झोपेचं काही औषध घेतात का हे?" बापूजींची पापणी वर करून डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून श्वेता काही बोलायच्या आत लेक लतिका बोलली. ती बापूजींचे तळपाय चोळत होती. आमच्या बापूजींना साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा माहीत नाही, असं तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं. श्वेताच्या नवऱ्याने, रविंद्रने, नुसती मान हलवली. श्वेताला तेवढंही जमलं नाही.

बापूजी घोरत होते. मध्येच घोरणं थांबायचं, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत श्वेताचाही श्वास अडकायचा. त्यांचे ओठ निळसर पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत रक्तस्राव झाला असं धरून आधी स्कॅनला न्यावं लागेल. पण औषधाचा परिणाम असेल तर उपचार वेगळे. चुकीच्या वाटेला लागलो तर हातातला वेळ जाईल. नीट आठवा, एवढं बोलून त्या नर्सकडे वळल्या.

त्यात आठवायचं काय होतं? सकाळी सव्वाआठला वाटीत दही, दह्यात साखर आणि साखरेत चमच्याने चुरडलेली अर्धी गोळी. रोजचंच होतं ते. गोळ्या मूळच्या श्वेताच्या. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला, डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. चिठ्ठी पंधरा दिवसांची, पण टिकली दोन वर्षं. घडीवर फाटायला लागली तशी श्वेताने ती चक्क लॅमिनेट करून आणली. मेडिकलवाला तिच्यावर एक नजर टाकायचा आणि गोळ्यांची पट्टी काढून द्यायचा. प्लास्टिकमधल्या कागदाची तारीख कोण वाचतो?

तिला बापूजींचं वाईट करायचं नव्हतं. वर्षभरापूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांचं सगळं तंत्रच बिघडलं. घरभर येरझारा घालायचे, मेलेल्या बायकोला हाका मारायचे. पायलला, सख्ख्या नातीला, गोपिका म्हणायचे, म्हणजे बायकोच्या नावाने. एकदा कळमेश्वरच्या बसस्टँडवर सापडले. पायात चप्पल नव्हती आणि स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. चालताना तोल जायचा, पायजमा ओला व्हायचा. रविंद्र मौद्याहून नाईट ड्युटी करून सकाळी आठला यायचा. त्याने झोपायचं कधी, आणि तिने शाळेच्या ऑफिसात जायचं कसं? म्हाताऱ्या माणसाला खोलीत कोंडून जाणं तिच्या जिवावर यायचं. कुलपापेक्षा अर्धी गोळी बरी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. विसरण्याचा आजार आहे, वयाबरोबर वाढणारच, असं सगळे म्हणायचे. आणि तो वाढतही होता.

पण आजही तिने अर्धीच दिली होती. तेवढ्याने माणूस असा पडतो? आणि सांगितलं तर पुढे काय? वहिनीने माझ्या बापाला विष घातलं, असं लतिका साऱ्या गणगोतात सांगत फिरणार. रविंद्र तिचं तोंड पाहणार नाही. न सांगावं, तर बापूजी डोळ्यांसमोर जातील. तेवढ्यात घोरणं पुन्हा थांबलं. तिने वाट पाहिली. या वेळी ते लवकर सुरूच होईना.

"मी देत होती, मॅडम," ती म्हणाली. "रोज सकाळी. दह्यात, अर्धी."

लतिकाचे हात बापूजींच्या पायांवर तसेच राहिले. श्वेताने नवऱ्याकडे पाहिलं नाही. हात उठला तर उठू दे, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. पण रविंद्र मटकन बाकावर बसला.

"मीबी देत होतो," तो म्हणाला. "नऊच्या चहात. आठवडा झाला, अख्खी देऊन राहिलो."

दिवसा झोप यावी म्हणून त्याला स्वतःला गोळ्या मिळाल्या होत्या. श्वेता कामावर गेली की एक तो घ्यायचा आणि एक बापाला द्यायचा, आधी अर्धी, मग पूर्ण. बायको दमून येते, घरी आल्यावर तरी तिला शांतता मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नव्हतं.

मग एकदम धावपळ उडाली. नर्सने नळी आणली, तोंडावर मास्क चढला, कोणीतरी पडदा ओढला. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. श्वास मशीनवर घेतलाय, आजची संध्याकाळ निघाली तर बघू, म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि श्वेताला तेच जास्त लागलं. हातातला कागद भरता भरता त्यांनी विचारलं, विसरण्याचा आजार आहे हे कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? कोणीच नाही. कोणाला दाखवलं होतं? कोणालाच नाही.

"बरं, मग विसरायला आधी लागले, की गोळी आधी सुरू झाली?"

रविंद्र लगेच म्हणाला, आजार आधीचाच. श्वेताच्याही जिभेवर तेच होतं. पण तिला सासूबाईंच्या तेरवीनंतरचा आठवडा आठवला. बापूजी पायलला शाळेत सोडून यायचे, पेपर मोठ्याने वाचायचे, गावाकडच्या माणसांची नावं न अडखळता सांगायचे. फक्त झोपत नव्हते. तिला त्यांची दया आली होती, म्हणून तिने पहिल्यांदा दह्याची वाटी पुढे केली होती.

"तेव्हा ते फक्त रडून राहिले होते, मॅडम," श्वेता म्हणाली. "गोळी मीच आधी दिली. विसराले मागून लागले."