संताच्या गळ्यातले आठ साप

आमच्या डोंगरातल्या गावात मे महिन्याच्या पहिल्या दिवशी संताच्या मूर्तीवर जिवंत साप सोडतात. ते धरून आणायचं काम आमच्या घराण्याचं. यंदाही मीच मूर्तीच्या गळ्यात आठ साप घातले.

"नुन्झियातो, त्या बाईचं नाव आज काढायचं नाही हं," पाद्री ओत्ताविओंनी दटावलं. "सण संताचा आहे."

बाई म्हणजे सापांची जुनी देवी. तिच्या देवळाच्या पायावरच आमचं चर्च उभं आहे.

"मी कशाला काढू, फादर? ती काय माझी सासू आहे?"

मिरवणूक चर्चच्या दाराबाहेर पडली आणि आठही साप एकदम मूर्तीवरून उतरले. गर्दीच्या पायांमधून संथपणे वाट काढत ते परत आत गेले आणि वेदीभोवती गोल करून, डोकी टेकून पडले. कुणीही ओरडलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी नुसते गुडघे टेकले.

"बोलाव त्यांना," फादर पुटपुटले.

सापांना बोलवायला मी जमिनीवर तीन थापा मारतो. वडिलांनीच शिकवलंय. मी आत वेदीपाशी जाऊन वाकलो, हात उचलला.

हात हवेतच होता, तेव्हा फरशीखालून तीन थापा आल्या.

आठही सापांनी डोकी वर केली.