शेजारचा ब्रेक

शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये मार्लीन वडिलांना म्हणाली, "डॅड, लिलावाआधी शेजारच्या सीटसमोरचा तो ब्रेक काढून टाक. गाडीची किंमत पाडतो तो."

ती सोळाव्या वर्षी गाडी शिकू लागली तेव्हा आईने हट्ट धरला, म्हणून त्यांनी तो बसवला होता. त्या ब्रेककडे पाहिलं की अजूनही तिला राग यायचा. ते शेजारी असले की ती स्टिअरिंगला हात लावत नसे.

"राहू दे गं," ते हसले. "तुझ्या आईच्या जिवाला तेवढीच शांती."

रविवारी झोपेतच ते गेले.

महिन्याभराने लिलावाच्या आवारात तिथला पारखी वेंडल गाडीचं मोल ठरवत होता. पत्र्यावर चुंबक फिरवून कुठे पुट्टी भरलीय का, ते पाहून झालं. "एकोणसत्तर सालची शेव्हेल. इंजिन बदललंय, पण काय देखणं बसवलंय! हा दुसरा ब्रेक कशाला?"

"डॅडचा माझ्यावर भरवसा नव्हता."

"मग दोन हजार डॉलर गेले म्हणायचे." तो गाडीखाली सरकला आणि टॉर्च मारून त्या ब्रेकची जोडणी शोधू लागला.

"बाई, हा कशालाच जोडलेला नाही. नुसते दोन स्क्रू मारलेत."

&nbsp;

मार्लीन स्टिअरिंगवर बसली, शेजारचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटकडे बघत म्हणाली, "बस डॅड, मी चालवते."