हसऱ्याचं दुखणं

"सोळाच्या वर जाता कामा नये," नवरा म्हणाला आणि थर्मामीटर पुसून त्याने शर्टाच्या खिशाला लावला. आयुष्यभर कारखान्यात लेथवर केसाएवढं माप सांभाळलेला माणूस. आता हात थरथरायचे, पण मापाचा हट्ट काही सुटला नव्हता.

तिने फ्रिज उघडला. दुधाच्या पिशव्यांखाली, भाजीच्या कप्प्यावर, झाकणाला भोकं पाडलेला डबा होता. डब्यात हसऱ्या. पांढराफटक, वीतभर लांबीचा, चार पायांचा ॲक्सोलोटल. जन्मभर पाण्यात राहणारा आणि डोक्यामागे कल्ल्यांचे गुलाबी तुरे मिरवणारा. तोंडाची ठेवणच अशी की सदा हसतोय असं वाटावं. तुऱ्यांवर कापसासारखी बुरशी धरली होती, नऊ दिवस गांडुळाला तोंड लावलं नव्हतं, तरी मेला हसतच होता.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गारव्यात ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदला आणि दर वेळी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात सोडा. तिने त्याला ओंजळीत अलगद उचलून मिठाच्या पाण्यात सोडलं. नवऱ्याने घड्याळ धरलं.

"उद्या सकाळची गाडी आहे माझी," ती म्हणाली.

"आहे लक्षात."

"पोरगी पोटुशी, घरात एकटी आहे. जावई बोटीवर. तिला पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलंय. मागच्या खेपेला काय झालं ते विसरलात का?"

"मी कुठे जाऊ नको म्हणतोय? पण ह्याला उचलणार कोण? माझ्या हातून निसटला म्हणजे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. सकाळीच लेकीचा फोन येऊन गेला होता. "आई, नक्की येशील ना?" एवढंच विचारलं होतं पोरीने, आणि तो आवाज दिवसभर तिच्या कानातून जात नव्हता.

चार वर्षांपूर्वी मुलगा बापाशी कडाकडा भांडून घराबाहेर पडला. दारात आईला म्हणाला, "हसऱ्याला सांभाळ. न्यायला येईन." आला नाही. फोन नाही, पत्ता नाही. पण हसऱ्या होता, आणि हसऱ्या आहे तोवर पोरगा येणार, असं दोघांनी एकमेकांना न सांगताच धरून ठेवलं.

मग काय, दोघंही अडकले. पाणी तापू नये म्हणून खिडक्यांना दिवसाही जाड पडदे. दोघं मिळून एक रात्र कुठे राहिले नाहीत. लेकीचं लग्न लागलं, तेव्हासुद्धा नवरा अक्षता टाकून संध्याकाळच्या गाडीने परत. घरमालकाने वरचा उजेडाचा मजला देऊ केला, तर वर उकडतं म्हणून नको म्हटलं. "आपण ह्याला पाळलंय की ह्याने आपल्याला?" असं ती वैतागून म्हणायची आणि लगेच जीभ चावायची.

मुलगा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती आठवडाभर बहिणीकडे राहिली होती. परत येऊन बघते तर हसऱ्याच्या पुढच्या पायाचं एक बोट गायब. "फिल्टरमध्ये अडकलं," नवरा खाली मान घालून म्हणाला. पुढे दोन वर्षांनी नवऱ्याचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आला तो चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी गेला आणि ओरडला, "अगं, बोट उगवलं की! ह्यांचे तुटलेले अवयव परत येतात म्हणतात, ते खरंच गं!" आणि रडला. पोरगा गेला तेव्हा न रडलेला माणूस, त्या बोटापायी ढसाढसा रडला.

तेव्हा ती काय बोलणार? नवरा दवाखान्यात असताना तिने धावपळीत नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच टाकीत ओतलं होतं. सकाळी हसऱ्या उलटा तरंगत होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दुकानं पालथी घालून तिने तसाच दुसरा आणून सोडला. त्याला बोटं सगळी होती, पण खुलासा नवऱ्याने स्वतःच शोधून दिला. दोन वर्षं तिने ते खोटं तसंच चालू ठेवलं होतं.

"दहा मिनिटं झाली," नवरा म्हणाला.

तिने हसऱ्याला साध्या पाण्यात सोडलं. तो तळाशी बसून राहिला. नवरा डब्यावर असा वाकला होता जणू पोराच्या कपाळावरच हात ठेवतोय. तिला त्याची दया आली, आणि रागही आला. तिकडे पोटची पोर वाट बघत होती आणि इथे ती एका परक्या जिवासाठी पायात बेडी घालून बसली होती.

"जरा बसा," ती म्हणाली. "आणि मला काय बोलायचं ते बोला, पण आधी पुरतं ऐका."

तिने सगळं सांगितलं. नळाचं पाणी, तीन दुकानं, सगळं. "हा आपल्या पोराचा नाहीच हो. तो माझ्या हातून मेला. तुमचा जीव त्याच्यात अडकलेला, म्हणून तोंड उघडलं नाही. आता मला जाऊ द्या."

आता नवरा डबा भिरकावणार, असं तिला वाटलं. तो खिडकीपाशी गेला, पडद्याचं टोक बराच वेळ चोळत राहिला. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा तिला ओळखू येईना.

"तू बहिणीकडे होतीस ना, त्याच आठवड्यात पोराचा हसऱ्या गेला," तो म्हणाला. "तुझ्या हातून मेला, तो मी आणलेला होता."