तरवडाच्या बुंध्याशी

द्वारकाक्का तरवडाच्या पानांवर धूळ चोळत होत्या. गल्लीतली सगळी अंगणं करपलेली, त्यात हे एकच झुडूप बारा महिने हिरवंगार. लोकांच्या डोळ्यांत सलायचंच. घरटी दिवसाला एक कळशी पाणी मिळे. त्यातलं झाडाला घातलेलं सापडलं, की नळ कायमचा बंद.

"माखा, अजून माखा धूळ!" कुंपणापलीकडून धाकटी जाऊ गोदू कडाडली. "माझी नात तहानेनं रडते, नि तुमचं झुडूप फुलतंय!"

"माळावरचं बी आहे गं ते. दंवावर जगतं. थेंब घातला नाही मी कधी."

"दंवावर म्हणे! पाणी चोरता तुम्ही, अक्का!"

तेवढ्यात तपासनीस आला. त्याची सळई मातीत खुपसली, की माती ओली का कोरडी ते बोलून दाखवी. तीन वर्षं इथे ती 'कोरडी' म्हणत होती, आणि तीन वर्षं गोदू दातओठ खात होती. आज गोदू तरातरा आपल्या घरात गेली, आपली भरली कळशी घेऊन आली आणि कुंपणावरून तरवडाच्या बुंध्याशी उपडी केली. आत नातीनं भोकाड पसरलं.

"ओली," सळई म्हणाली.

"अहो, तुमच्यादेखत ओतलं तिनं!"

"सळई सांगते तेच मी लिहितो, बाई."

नळाला सील ठोकून तो गेला. अक्का चिखलाशी बसल्या. उडालेल्या पाण्यानं पानांवरची धूळ ओघळत होती. रुजल्यापासून त्या झुडपाला पाणी घालणारी गोदूच पहिली.