लाल टिकलीचं मडकं

जयराम पोचला तेव्हा मडक्यावर लाल टिकली लागली होती. लाल टिकली म्हणजे वस्तू विकली गेली, हे त्याला दारातच कोणीतरी सांगितलं. केरीहून फेरीबोटीने तो त्या एका मडक्यासाठी तेरेखोलला आला होता. ते घेतल्याशिवाय परत जायचं नव्हतं.

हॉटेलच्या दिवाणखान्यात प्रदर्शन भरलं होतं. माती, लाकूड, काथ्या आणि नव्या घरांची सजावट. त्यातली अर्धी माती जयरामच्याच हातची. महिन्यापूर्वी प्रदर्शनवाल्या अमृताबाई टेम्पो घेऊन त्याच्या गावी, कोरगावला आल्या आणि त्याने सगळं देऊन टाकलं. रांजण गेले, पणत्या गेल्या, मडकी घडवायचं चाकसुद्धा गेलं. वर्षापूर्वी त्याची बायको रुक्मिणी वारली, तेव्हापासून कशाच्याही जाण्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. टेम्पो भरला सुनेने, सुविधाने. ती डिचोलीच्या एका कारकुनाची लेक. माळ्यावर एक मडकं फडक्यात बांधून वेगळं का ठेवलंय, हे तिला कोण सांगणार? छान आहे म्हणून तिने तेही दिलं. काल जयरामने माळ्यावर हात घातला तेव्हा कुठे हे कळलं.

आता ते काळ्या चौथऱ्यावर बसलं होतं, डोक्यावर दिवा घेऊन. ना नक्षी, ना रंग. पुढ्यात इंग्रजी पाटी. शेजारी त्याचं चाक. चाकावर गोल काच बसवून चहाचं टेबल केलं होतं आणि त्यावर कोणाचा तरी कप होता. जयरामने पाहिलं. राग यायला हवा होता, पण रागसुद्धा माणसासारखा थकतो.

मडकं घेणाऱ्या बाई स्वभावाने गोड होत्या. "हे आम्ही हॉलमध्ये ठेवणार, दारासमोरच," असं म्हणत त्यांनी मडकं वाजवायला बोट उचललं. मडकं वाजवूनच घ्यायचं असतं. जयरामचा जन्म तो आवाज ऐकण्यात गेला होता. तरी त्याने झटकन हात मध्ये घातला.

"वाजवू नका, बाय. ह्यां मडकां वाजवून घेनत नाय. आणि ह्यां विकूचांय नाय."

अमृताबाई लगबगीने आल्या. "काका, आता टिकली लागली. हे यांना राहू दे. तुम्ही स्वतःसाठी दुसरं करा ना. तो तर तुमच्या हातचा मळ!"

जयरामने चाकाकडे पाहिलं. कप उचलला गेला होता, काचेवर चहाचं ओलं वर्तुळ उरलं होतं.

"गावात कोणय गेलो तर मडकां आमच्याच घरातसून जाता," तो म्हणाला. आवाज सपाट, बाजारभाव सांगावा तसा. "मसणात खांद्यावरसून फोडतत तां. पुढे चाकार बसतलो कोण नाय. म्हणान माझां मिया आदीच करून ठेवलंय."

बाईंचं उचललेलं बोट हळूच खाली आलं. त्यांनीच नखाने टिकली खरवडून काढली. जयरामने खांद्यावरचं फडकं सोडलं, मडकं त्यात नीट बांधलं, आणि निघता निघता पाटीकडे पाहून थांबला.

"ह्यां काय लिवलंहा?"

"एकमेव," अमृताबाई कशाबशा म्हणाल्या. "म्हणजे... असं एकच आहे."

त्याने मान डोलावली.

"आता एकच. दुसरां रुक्मिणी घेऊन गेली."