कावळा शिवेना

तिसऱ्यांदा विमान घाटावरून गेलं आणि पिंपळावर परतलेले कावळे पुन्हा उडाले.

"मेल्यानं समदी पाखरं पळवली," साळूआत्या म्हणाली. "आजचाच दिस घावला व्हय ह्यास्नी?"

नदीपलीकडच्या मैदानावर हवाई दलाच्या कसरती चालू होत्या. सांगलीवर लढाऊ विमान इतक्या खालून पहिल्यांदाच घिरट्या घालत होतं. अलीकडे, कृष्णेच्या घाटावर, साळूआत्याच्या भावाचा, हंबीररावांचा दहावा होता. पिंड ठेवून तास होऊन गेला. भातावर माश्या बसत होत्या, वरचं दही उन्हानं फुटलं होतं.

हंबीररावांची मुलगी प्रियदर्शनी पायरीवर बसून डावं मनगट पदराला पुसत होती. मनगटाला काहीच लागलेलं नव्हतं.

तिचा भाऊ वीरधवल पिंडाकडे पाठ करून मोबाइल आभाळाकडे धरून उभा होता. "आबांचंच इमान हाय हे!" तो पाहुण्यांना सांगत होता. "वीस वर्सं इंजनं तपासली त्यांनी. आबांची सही झाल्याबिगर इमान जाग्यावरनं हालत नव्हतं."

घाटाच्या तोंडाशी त्यानं मोठा फलक लावला होता. 'आकाशवीर हंबीरराव.' फोटोतल्या छातीवर दोन पदकं जास्तीची होती.

प्रियदर्शनीला विमानाच्या इंधनाचा, रॉकेलसारखा वास आल्याचा भास झाला. लहानपणी आबा सुट्टीवर आले की त्यांच्या कपड्यांना तो यायचा, आणि तेव्हा तिला तो आवडायचा.

"आबा विमानाचा आवाज आला की घरात जाऊन बसायचे," ती म्हणाली. "आणि दादा फलक लावतोय."

"दुक्कानं गं. त्या मुकुलच्या," आत्या म्हणाली.

मुकुलची आई, चारुशीलाकाकू, वाईहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. मुकुल वैमानिक होता. एकवीस वर्षांपूर्वी त्याचं विमान धावपट्टी सोडताच कोसळलं. तेव्हापासून हंबीरराव दरवर्षी त्याच्या तिथीला वाईला जात, काकूंच्या पाया पडत आणि पाणीसुद्धा न घेता परतत.

काकू प्रियदर्शनीशेजारी टेकल्या. "चौकशीत चूक मुकुलचीच ठरली. आमच्या घरातल्यांनीही ते मानलं. एकटे हंबीरराव म्हणाले, 'ताई, तुमचा मुलगा चुकला नव्हता.' त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली गं." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "शेवटी तूच जवळ होतीस ना? काही बोलले का?"

"पाणी मागितलं."

तिनं हात सोडवून घेतला आणि शेवटच्या रात्री आबांनी धरून ठेवलेलं मनगट पुन्हा पुसलं.

कसरती संपल्या. आभाळ शांत झालं. कावळे एकेक करून पिंपळावर आले. सगळे उठून उभे राहिले. एकही कावळा खाली उतरेना.

"मनात कायतरी ऱ्हायलंय त्याच्या," आत्या म्हणाली. "बोला रं कुनीतरी."

वीरधवलनं मोबाइल खिशात घातला, हात जोडले. "आबा, तुमच्या नावानं चौकात इमान बसवतो. खरंखुरं, जुनं."

माश्या उठल्या आणि परत बसल्या.

"दाजी," धनाजीमामा पुढं झाले, "आजपासनं तंबाखू बंद."

"तुझ्या अक्काच्या दहाव्यालाबी ह्येच बोलला हुतास," आत्या म्हणाली. दोघंतिघं हसले. कावळे हलले नाहीत.

मग काकू पुढे झाल्या. "हंबीरराव, माझ्यासाठी फार केलंत तुम्ही. आता मोकळे व्हा."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. त्यानं काकूंकडे मान वाकडी करून पाहिलं आणि तिथंच बसून राहिला. काकू डोळ्यांना पदर लावून मागे सरल्या.

"दर्भाचा कावळा करून शिववू या का?" गुरुजींनी विचारलं. "ऊन चढलंय."

"नको," प्रियदर्शनी म्हणाली.

जीव अडकलेलं माणूस घराभोवती घुटमळत राहतं, असं आत्या लहानपणापासून सांगत आली होती. प्रियदर्शनीला आबा आता घराच्या आसपासही नको होते.

ती पिंडाजवळ गेली. आंबूस वास नाकात शिरला. ती वाकली आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आबा, त्या दिवशी इंजिन न बघताच तुम्ही सही केलीत, हे मी काकूंना कधीच सांगणार नाही."

ती सरळ उभी राहायच्या आत कावळा पिंडावर बसला.